मधला चौक

दिवाळीच्या आगेमागे पाथर्डी-शेवगावच्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडणीला निघणाऱ्या कुटुंबांच्या बोचक्यांत कोयते, भांडीकुंडी आणि गोधड्या हमखास असतात. मागे घर राखायला उरतात ती वडीलधारी माणसे आणि शाळेत जाणारी नातवंडे. गोधडी शिवायला घेण्याचा हंगाम उन्हाळ्याचा, शेतीच्या कामांना उसंत असते तेव्हाचा. परंतु अर्धी राहिलेली गोधडी आठवते ती मात्र थंडी पडल्यावर. मग पेटीवर गुंडाळून ठेवलेले ते बोचके खाली उतरते, त्यात अडकवून ठेवलेली गंजकी सुई निघते, आणि ‘आता हे पुरे कोण करणार?’ हा प्रश्न घरात उभा राहतो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला गोधडीचे अप्रूप सांगायला नको. कर्जतच्या ग्रामदैवताचे, संत गोदड महाराजांचे, नावही त्या शब्दाशी नाते सांगणारे आहे. आज तिच्या शेवटाविषयी बोलावयाचे आहे. कारण तो शेवट आरोग्याशी फार जवळून निगडित आहे, आणि घरातल्या सलोख्याशीही.

गोधडी अर्धवट राहते ती बहुधा मध्यावर, आणि त्याला कारण आहे. खाली एक जुने लुगडे अस्तर म्हणून अंथरायचे, त्यावर विरलेल्या धोतरांचे, साड्यांचे थर घालायचे, वरचे कापड पसरून लांब टाक्यांनी सारे टाचून घ्यायचे, आणि मग कडेपासून धावदोरा घालीत, फेऱ्यामागून फेरा आत आत सरकत जायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. काही घरांत मध्यभागी एक देखणा चौकोन बसवितात. लग्नातल्या शालूचा पदर, नऊवारीच्या काठांची जुळणी, एखादा जपून ठेवलेला खण. त्याभोवती एकात एक चौकटी रचल्यासारख्या पट्ट्या येतात. पाश्चात्त्य देशांत अशाच रचनेच्या गोधडीला ‘मेडॅलियन क्विल्ट’ म्हणतात. मध्यभागीचा तो चौक म्हणजे गोधडीचा मान. आणि शिवणारीचा हात तिथे पोहोचतो तो अगदी शेवटी.

कडेच्या फेऱ्या लांब खऱ्या, पण त्या घालताना एक हात वर आणि एक खाली सहज राहतो. मध्य जवळ येतो तसा खालचा हात पोहोचेनासा होतो. कापडाचा सारा भार मांडीवर येतो, नाही तर गोधडीवरच बसून, वाकून टाके घालावे लागतात. पट्ट्यांच्या जोडांमुळे थरही तिथेच जाड झालेले असतात. ज्या बाईने साठीत कड धरली, ती मध्यावर येईपर्यंत सत्तरी ओलांडते. म्हणजे हात सर्वांत थकलेले असतात तेव्हाच काम सर्वांत अवघड होते. ‘आजींनी कंटाळून टाकून दिली’ असे घरात म्हटले जाते, ते बहुतेक वेळा खरे नसते.

अशा वेळी सुना-मुली जे करतात ते प्रेमापोटीच करतात: गोधडी शिंप्याकडे देतात. ओळखीच्या एका घरी, संगमनेर तालुक्यात, असेच झाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन गेला होता. उजव्या हाताची पकड सैल झाली होती. त्यापूर्वीच्या त्यांच्या काही फेऱ्याही वाकड्यातिकड्या गेल्या होत्या. कारागिराने त्या उसवल्या, यंत्रावर सरळ टीप मारली, चौकही नेटका बसविला. कामात खोट काढायला जागा नव्हती. सासूबाईंनी गोधडी हातात घेतली, त्या फेऱ्या जिथे होत्या तिथून बोटे फिरविली, घडी घातली आणि ‘पाहुण्यांना होईल’ एवढेच म्हणाल्या. पुढे तिच्याविषयी त्यांनी चौकशी केली नाही. सुनेला रुखरुख लागली ती आजतागायत.

मला स्वतःला असे वाटते, की घरच्यांनी गोधडीचे ओझे उचलावे आणि निर्णय मात्र तिच्या धनिणीकडे ठेवावेत. उसवायचे की नाही, चौकात कोणता तुकडा, दोरा पांढरा की तांबडा, हे तिने सांगावे. वाकडा टाका वाकडाच राहू द्यावा. कॅनबेरातील नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियामध्ये ‘राजा क्विल्ट’ नावाची एक प्रसिद्ध गोधडी जतन केलेली आहे. ‘राजा’ हे जहाजाचे नाव. १८४१ साली इंग्लंडहून होबार्टला काळ्या पाण्याच्या शिक्षेवर धाडलेल्या स्त्री-कैद्यांनी तीन महिन्यांच्या प्रवासात ती शिवली. मध्ये पाखरे आणि फुले यांचा चौक, भोवती चौकटी. सराईत हातांचे टाके आणि नवख्या हातांचे टाके तिच्यात शेजारी शेजारी आहेत. सुई टोचून पडलेले रक्ताचे बारीक डागसुद्धा आहेत. संग्रहालयाने ते पुसले नाहीत. आपल्या घरच्या गोधडीला यापेक्षा कडक परीक्षा लावण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिला अडसर डोळ्यांचा. विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून ‘दिवा आहे की’ हे उत्तर पुरेसे नव्हे. सकाळी नऊ ते अकरा ओसरीवर, ऊन थेट डोळ्यांवर न येता कापडावर पडेल असे बसणे सर्वांत चांगले. उजव्या हाताने शिवणारीस उजेड डावीकडून हवा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. जवळचा चष्मा वर्षाकाठी एकदा तपासून घ्यावा. चष्मा असूनही दोरा दिसत नसेल, दिव्याभोवती वलये दिसत असतील, तर मोतीबिंदूची तपासणी आधी आणि चौक नंतर.

सुईत दोरा ओवणे हा ज्येष्ठांचा सर्वांत मोठा त्रागा. त्यावर एक साधा उपाय आहे आणि तो नातवंडांच्या हाती आहे. शाळेत जाण्यापूर्वी मुलाने आठ-दहा सुया ओवून, स्पंजच्या तुकड्यात टोचून, आजीजवळ ठेवाव्यात. दोरा हातभरच घ्यावा, मेणावरून एकदा ओढून. लांब दोरा गुंततो आणि खांद्यालाही शिणवितो. संध्याकाळी मुलाने त्याच सुया मोजून परत घ्याव्यात. हे मोजणे फार महत्त्वाचे आहे. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असते. जमिनीवर पडलेली सुई तळव्यात शिरली तरी कळत नाही, आणि कळते तेव्हा जखम चिघळलेली असते. एक सुई कमी भरली तर ती सापडेपर्यंत त्या खोलीत कोणीही अनवाणी फिरू नये. एखादे लोहचुंबक घरात असेल तर शोध सोपा होतो. मधुमेही व्यक्तीच्या तळव्यांकडे रोज रात्री एक नजर टाकावी, ती गोधडी असो वा नसो.

बोटात अंगुस्ताना असावाच. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर टोचल्यावर रक्त थांबायला वेळ लागतो. स्वच्छ कापडाने काही मिनिटे दाबून धरावे, घाबरून गोळी बंद करू नये. धनुर्वाताची लस प्रौढांनाही दर दहा वर्षांनी घ्यावी लागते, याचा अनेकांना विसर पडलेला असतो.

अंगठ्याच्या मुळाशी दुखणे हे या वयातील बायकांचे नेहमीचे गाऱ्हाणे. तिथला सांधा झिजलेला असतो, आणि चिमटीत सुई धरून ओढणे नेमके त्याच सांध्याला जाचते. काम सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटे कोमट पाण्यात हात बुडवावेत. सुई ओढायला सायकलच्या ट्यूबचा बोटभर तुकडा वापरावा. पकड मिळते आणि चिमटीचा जोर वाचतो. चार-पाच थरांहून जाड भाग असेल तिथे सुई रेटू नये. वीस मिनिटांनी थांबावे, बोटे उघडझाप करावीत, दूरच्या झाडाकडे पाहावे, एक चक्कर मारावी. रात्री बोटांना मुंग्या येऊन झोपमोड होत असेल तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

बसण्याविषयी मी थोडी आग्रही आहे. जमिनीवर मांडी घालून शिवण्याची रीत सुंदर असली, तरी झिजलेल्या गुडघ्यांना ती सोसत नाही. आणि उठताना पायात अडकलेल्या कापडामुळे पडणे हे तर फारच महागात जाते. गोधडी दोन्ही बाजूंनी पोथीसारखी गुंडाळावी, मधला वीतभर पट्टाच उघडा ठेवावा, आणि सारा भार टेबलावर किंवा उंच पलंगावर टेकवावा. आजी पाठ टेकून खुर्चीत, पावले जमिनीला पुरती टेकलेली. समोर बसून दुसऱ्या कोणी खालून सुई परत वर द्यावी. जिथे आजीचा खालचा हात पोहोचत नव्हता, तिथे हा दुसरा हात पुरतो. अशा रीतीने चौक पुरा करणे एका माणसाचे काम उरत नाही, आणि तरीही टाका तिचाच राहतो.

झटक्यानंतर पकड गेलेली असेल, किंवा विसराळूपणा वाढलेला असेल, तर सुईचा हट्ट नको. तुकडे रंगांप्रमाणे लावणे, काठ जुळविणे, ‘हे कोणाचे लुगडे?’ याला उत्तर देणे, हेही शिवणेच आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला आठवड्यापूर्वीचे आठवत नाही, पण धाकट्या जावेच्या डोहाळजेवणातले पातळ हाताला ओळखू येते, असा अनुभव अनेक घरांत येतो. नाव चुकले तर दुरुस्त करू नये. कात्री आणि सुया मात्र काम संपताच नजरेआड ठेवाव्यात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ७० ते ८९ वर्षे वयाच्या लोकांची पाहणी करून २०११ साली असे नोंदविले, की विणकाम, गोधडीकाम, वाचन यांत रमणाऱ्यांमध्ये सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण कमी आढळते. यावरून गोधडी हे औषध आहे असे मात्र समजू नये; ज्यांची बुद्धी शाबूत असते त्यांचेच विणकाम चालू राहते, असेही असू शकते. मनाला बरे वाटते, दुपार सरते, हातात काही उरते. एवढे पुरेसे आहे.

मोठी गोधडी खरोखरच झेपत नसेल तर चौकाएवढेच कापून त्याचे दुपटे करता येते. अर्थात कात्री लावण्यापूर्वी विचारून. काही आजी आनंदाने होकार देतात, काहींना तो अपशकुन वाटतो. वाटत असेल तर गोधडी तशीच राहू द्यावी.

आणखी एक गोष्ट, धुण्याची. घटस्थापनेपूर्वी घरातल्या साऱ्या गोधड्या प्रवरेच्या, मुळेच्या, सीनेच्या पात्रात किंवा पाटावर नेऊन धुण्याची आपल्याकडे चाल आहे. भिजलेली सुती गोधडी दुपटीहून जड होते. ती पाण्यातून ओढताना कंबर लचकते, आणि पाटाच्या निसरड्या, उतरत्या काठावरून तोल गेला तर वाहत्या पाण्यात सावरणे तरण्यांनाही कठीण. साठीपुढच्यांनी हे काम करू नये. घरीच मोठ्या टोपल्यात, कोमट पाण्यात भिजवून, तरुण माणसाने पायांनी तुडवावी. न पिळता, दोघांनी धरून, निथळत ठेवावी. वाळायला दोन कडक उन्हे लागतात. आत दमटपणा राहिला तर बुरशी धरते, आणि दम्याच्या रुग्णाला तीच रात्रभर छातीशी घेऊन झोपावे लागते.

शेवटचा टाका घालताना दोऱ्याची गाठ वर ठेवू नये. दोन उलटे टाके घेऊन सुई थरांमधून बोटभर आत सरकवावी आणि मग दोरा तोडावा. गाठ अंगाला टोचत नाही, आणि वयोवृद्धांची पातळ झालेली त्वचा सोलवटत नाही. चौक पुरा झाला की त्या दिवशीच्या सुया एकदा पुन्हा मोजाव्यात.