दलाल कोणाचा?

आईवडील गेले, यवतमाळचं घर कुलूपबंद झालं आणि ते विकायचं ठरलं, की परदेशात राहणारी आपल्यातली बहुतेक माणसं आधी एवढंच विचारतात, "दलाल किती टक्के घेतो?" दोन म्हणाला तर लुटारू, एक म्हणाला तर चालेल, आणि चुलतभाऊ फुकटात विकून देतो म्हणाला तर उत्तमच. मला हा प्रश्नच गौण वाटतो. टक्क्यावर घासाघीस करून वाचतात काही हजार रुपये. जातात ते लाख, आणि तेही दलाल नेमका कोणाच्या बाजूचा आहे हे विचारायचं राहून गेल्यामुळे.

हिशेब मांडून पाहू. समजा, दारव्हा रोडवरच्या घराला ४५ लाख यायला हवेत. एक टक्क्याने दलाली ४५ हजार होते. गिऱ्हाईक ४२ लाखांवर अडून बसलं. तिथे सौदा झाला तर तुमचे तीन लाख जातात, दलालाचे फक्त तीन हजार. त्या तीन हजारांसाठी त्याने आणखी दोन महिने थांबावं, रोज कुलूप उघडून नवी माणसं फिरवावीत, की आजच सौदा उरकून ४२ हजार पदरात पाडून घ्यावेत? त्याच्या जागी मी असतो तर मीही उरकलाच असता. यात बेइमानी शोधायची गरज नाही. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या जवळजवळ एक लाख घरांच्या विक्रीचे आकडे तपासले होते. त्यांचा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या एजंटांनी स्वतःची घरं विकायला काढली तेव्हा गिऱ्हाइकांच्या घरांपेक्षा ती बाजारात सरासरी साडेनऊ दिवस जास्त ठेवली आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवली. थांबलं तर भाव मिळतो हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. दुसऱ्याच्या घरासाठी थांबणं त्यांना परवडत नव्हतं.

आणि शिकागोत विकणाऱ्याचा एजंट निदान विकणाऱ्याचा तरी असतो. आपल्याकडे "एक टक्का इकडून, एक टक्का तिकडून" हा सर्रास रिवाज आहे. दोन्हीकडून पैसे घेणारा माणूस शेवटी सौद्याच्या बाजूचा असतो, तुमच्या नाही. तुम्हाला तो फोनवर सांगतो, "भाऊ, मार्केट लय डाऊन आहे, रेल्वेची गोष्ट आता जुनी झाली." त्याच दुपारी गिऱ्हाइकाला सांगतो, "कळंबपर्यंत गाडी आली, यवतमाळात आली का भाव डबल." वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग एकच, पण विकणाऱ्यासाठी ती गाडी यार्डात उभी असते आणि घेणाऱ्यासाठी सिग्नल पडलेला असतो.

याला आवर घालणारा कायदा नाही का? आहे, पण आपल्या कामाचा नाही. रेरा आला, १ मे २०१७ पासून महारेरा सुरू झालं, एजंटांना नोंदणी सक्तीची झाली, २०२३ पासून तर प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. हे सारं नोंदणीकृत प्रकल्पात बिल्डर जी घरं-प्लॉट विकतो त्यांच्यापुरतं आहे. तुमच्या वडिलांनी शिक्षक सोसायटीच्या ले-आउटमध्ये बांधलेलं घर विकून देणाऱ्याला रेराचा क्रमांक लागत नाही. असला तर चांगलंच. माणूस निदान परीक्षेला बसलेला आहे. पण व्हिजिटिंग कार्डावरचा तो क्रमांक तुमच्या सौद्याचा जामीन नव्हे.

गंमत अशी, की दलालाला वेसण घालण्यात हाच मुलूख एकेकाळी देशाच्या पुढे होता. नियंत्रित बाजार म्हणून देशात पहिलं नाव घेतलं जातं ते आपल्या शेजारच्या कारंज्याचं, साल १८८६. पाठोपाठ १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजारावर समिती आली, दलाल आणि मापाऱ्यांना परवाना आला. कापसाच्या गाडीमागे कोण किती घेतो हे तेव्हापासून ठरवून दिलं जाऊ लागलं. सव्वाशे वर्षांनंतर त्याच मुलखात आयुष्याची कमाई असलेलं घर मात्र पानठेल्यावर, तोंडी, "तुम्ही काऊन टेन्शन घेता, आपण आहो नं" एवढ्या भरवशावर विकलं जातं.

तरीही हात अगदीच रिकामे नाहीत. १८७२ चा भारतीय करार कायदा अजून लागू आहे आणि त्यात दलाल-मालक संबंधांवर आख्खं प्रकरण आहे. वेगळं काही ठरलं नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत दलालाला मोबदला मागता येत नाही, असं कलम २१९ म्हणतं. तुम्हाला न सांगता त्याने स्वतःसाठीच सौदा केला, तर त्यातला फायदा मागण्याचा हक्क कलम २१६ तुम्हाला देतं. कामात लबाडी केली तर त्या भागाची दलाली कलम २२० ने बुडते. अडचण एकच आहे: तो तुमचा दलाल होता हे आधी सिद्ध करावं लागतं, आणि त्यासाठी कागद लागतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की दलालाला भरपूर द्या, पण लिहून द्या आणि लिहून घ्या. दोन टक्के द्या. त्या बदल्यात एक साधा करार करा: दलाली फक्त विकणाऱ्याकडून मिळेल, घेणाऱ्याकडून एक रुपयाही घेतला तर तो आधी कळवायचा, पैसे रजिस्ट्रीच्या दिवशी मिळतील, इसाराच्या दिवशी नाही, तीन महिने हे घर दुसऱ्या कोणाकडे जाणार नाही. ही शेवटची अट त्याच्या फायद्याची आहे आणि ती मनापासून द्यावी. एकाच वेळी पाच जणांना घर सांगितलं की पाचही जण तेच घर पाच वेगवेगळ्या भावांनी गावभर फिरवतात आणि घर पडून आहे अशी हवा होते. त्याचा जोर वाढवायचा असेल तर ४२ लाखांच्या वर जे मिळेल त्यातला दहावा हिस्सा वेगळा कबूल करा. तीन लाखांसाठी थांबण्यात मग त्याचेही तीस हजार अडकतील.

याच्या अगदी उलट असा एक प्रकार आहे आणि तो गावी पाहुण्यासारखं जाणाऱ्यांना फार आवडतो: "तुम्हाला ४० लाख हातात, वरचे माझे." ऐकायला सुटसुटीत. पण हे कबूल केलंत की खरा भाव तुमच्यापासून लपवण्याची परवानगी तुम्हीच दिलीत. वरची रक्कम बहुधा रोखीत फिरणार. तुमच्या घराच्या व्यवहारात बेहिशेबी पैसा फिरला आणि तुम्ही तो पाहिलाही नाही. परदेशात राहणाऱ्याने तर रोखीच्या वाटेला जाऊच नये. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे, आणि घेतलीत तरी ती इकडे आणणार कशी? बँकेतून बाहेर जातो तो हिशेबातला पैसा. अनिवासींच्या एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात, सीएच्या दाखल्यासह. रोखीच्या पिशवीला तो दाखला कोणी देत नाही.

दुसरा धोका इसारचिठ्ठीचा. दलाल स्वतःच लाखभर इसार देतो आणि चिठ्ठीत एक निरुपद्रवी ओळ असते: खरेदीखत लिहून घेणाऱ्याच्या किंवा तो सांगेल त्याच्या नावाने करून द्यावं. त्या ओळीने तो दलाल राहिला नाही, घेणारा झाला. आता स्वस्तात घेणं हाच त्याचा धंदा. सहा महिने तो चढ्या भावाचं गिऱ्हाईक शोधत फिरेल. मिळालं तर फरक त्याचा, नाही मिळालं तर तुमचं घर अडकलेलं. वर करार पुरा करून मागणारा दावा लावायला कायदा तीन वर्षांची मुदत देतो. यवतमाळच्या दिवाणी न्यायालयात तारखांना हजर राहायला इकडून कोण जाणार? इसार घ्यायचा तो खऱ्या गिऱ्हाइकाकडूनच, बँकेतून, आणि ती "सांगेल त्याच्या नावाने" ओळ खोडून.

दलाल निवडायचा कसा? नागपूरचा मोठा बोर्ड पाहून नव्हे. जिल्हा सोळा तालुक्यांचा आहे आणि त्यात एक बाजार नाही. वणीला घर घेणारा कोळसा खाणीतला नोकरदार असू शकतो, पुसदचं गणित पुसदलाच कळतं. खुद्द यवतमाळात घाटंजी-राळेगावकडून मुलांच्या शिक्षणासाठी आलेलं कुटुंब वडगाव-लोहाऱ्याकडे पाहतं. मुख्य रस्त्यावरचा जुना बंगला दवाखान्यासाठी डॉक्टर बघतात. घेणारा कोण असेल हे दलालाला न सांगता सुचलं पाहिजे. त्याला विचारा, विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का? निळोणा आणि चापडोह ही धरणं आटल्यावर २०१८ च्या उन्हाळ्यात या शहराने जे भोगलं, त्यानंतर बेंबळा धरणाची पाणीयोजना कुठेही पोचो, घेणारा आधी पाणी विचारतो. ज्याला तुमच्या गल्लीतल्या पाण्याची माहिती नाही, त्याला गल्लीतला भावही ठाऊक नाही.

भाव तुम्हालाही ठाऊक हवा. सरकारी रेडी रेकनर हा मुद्रांकासाठीचा दर आहे, बाजारभाव नाही. पण नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तुमच्या भागात झालेल्या खरेद्यांची सूची दोन (इंडेक्स टू) बघता येते, मोबदल्याच्या आकड्यासकट. तो आकडाही बहुतेक वेळा थोडा वाळवलेलाच असतो, हे धरून वाचावं. तरी "या भागात तीसच्या वर गेलंच नाही" असं कोणी म्हणाला तर उत्तर द्यायला तेवढं पुरतं.

आणखी एक कसोटी, माझ्या मते सर्वांत पक्की. दलालाला विचारा: मी परदेशात राहतो, तर घेणाऱ्याने कर किती कापायचा? गावातल्या सौद्यात पन्नास लाख आणि त्यावरच्या व्यवहारावर एक टक्का कापतात, खालच्यावर काहीच नाही. विकणारा अनिवासी असला की हे लागू नाही. दोन वर्षांहून जुन्या घरावर साडेबारा टक्के आणि त्यावर उपकर, म्हणजे १३ टक्के, आणि ती कपात नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर करण्याचीच चाल आहे. ४५ लाखांवर ५ लाख ८५ हजार. किंमत पन्नास लाखांवर गेली की अधिभारही. घेणाऱ्याने कापला नाही तर आयकर खातं त्याच्या दारात जातं. म्हणून त्याच्या सीएने रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी हे सांगितलं की सौदा जागच्या जागी मोडतो. आधीच आयकर खात्याकडे अर्ज करून कमी कपातीचा दाखला घेतला तर हा पैसा अडकत नाही. घर घराण्यात २००१ च्या १ एप्रिलआधीपासून असेल तर त्या दिवसाची किंमत धरता येते आणि नफा पुष्कळ खाली येतो. हे सगळं दलालाला यावं असं नाही. पण "असा विकणारा असला तर सीए लागतो, आधी दाखला काढा" एवढं ज्याला माहीत आहे तो ठेवायचा. "ते पाहून घेऊ" म्हणणाऱ्याला नमस्कार करायचा.

कागदांचं मात्र दलालावर सोडू नका. आखीव पत्रिकेवर अजून आजोबांचं नाव आहे का, बहिणीचं हक्कसोडपत्र झालं का, जागा नझूलची, म्हणजे सरकारी पट्ट्याची, आहे का, हे वकिलाचं काम. नझूलचा भाडेपट्टा हे विदर्भातलं खास दुखणं आहे, परवानगीशिवाय रजिस्ट्री अडते, आणि ते गिऱ्हाईक उभं राहिल्यावर कळणं सर्वांत महाग पडतं.

आता चुलतभाऊ. तो फुकटात विकून देतो, पण त्याला हिशेब विचारता येत नाही, उशीर झाला म्हणून बदलता येत नाही, आणि त्यानेच ओळखीच्या माणसाला स्वस्तात दिलं तर पुढच्या लग्नात पंगतीला कुठे बसायचं हा प्रश्न उरतो. त्याला दुसरं काम द्या: मुखत्यारपत्र. फक्त याच घरापुरतं, किमान किंमत लिहून, भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, आणि राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरून. विक्रीचा अधिकार देणारं मुखत्यारपत्र जवळच्या नातलगाला दिलं तर मुद्रांक नाममात्र लागतो. परक्याला दिलं तर महाराष्ट्रात जवळपास खरेदीखताएवढा. विकण्याची सही ज्याच्या हातात आणि विकण्याची दलाली ज्याच्या खिशात, ती दोन माणसं वेगळी असली पाहिजेत.

"गावात असलं कोणी लिहून देत नाही," हा आक्षेप मी बऱ्याचदा ऐकतो. आजवर कोणी मागितलं नाही, म्हणून कोणी दिलं नाही. अमेरिकेतसुद्धा घेणाऱ्याच्या एजंटाशी घर दाखवण्याआधी लेखी करार करण्याची देशव्यापी अट ऑगस्ट २०२४ पासून आली, तीही मिसुरीतल्या ज्युरीने दलालांच्या संघटनेला आणि कंपन्यांना दणका दिल्यावर. ज्या दलालाला दोन टक्के, तीन महिन्यांची निर्धास्ती आणि वर हिस्सा मिळतोय, त्याने सही नाकारली तर का नाकारली हे उघडच आहे. दुसरा पाहा.

हा अंक काढणाऱ्या आपल्या मंडळाला एक विनंती. आपल्या सभासदांत वकील आहेत, सीए आहेत, आणि गेल्या काही वर्षांत विदर्भातली घरं विकलेलेही आहेत. त्यांनी मिळून दोन पानी दलाली कराराचा मराठी नमुना करावा आणि तो पुढच्या अंकात छापावा. ज्यांच्याकडे अशा सौद्यांचे कागद आहेत त्यांनी नावं झाकून त्यांच्या प्रती संपादकांकडे पाठवाव्यात.