चंद्रपुष्करिणी व गावविहिरींच्या रक्षणार्थ लिंबागणेशच्या ग्रामस्थांस जाहीर आवाहन

ज्या क्षेत्री साक्षात चंद्राने भालचंद्र गणेशाची स्थापना केली अशी आपली पिढीजात श्रद्धा, गणेशाच्या एकवीस क्षेत्रांत ज्याची गणना, त्या लिंबागणेशात संकष्टीची गर्दी ओसरल्यावर चंद्रपुष्करिणीत काय उरते, हे ज्यांना पाहवले नाही, त्यांनी हे पत्रक काढले आहे. कुजलेले हार, उदबत्तीची पुडकी, नारळाच्या शेंड्या, आणि निर्माल्य ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आणले ती पिशवीही गाठ मारून, मोठ्या भक्तिभावाने, पाण्यातच सोडलेली!

परगावचे भाविक घाण करतात, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांनी आपल्या विहिरीच्या कठड्याशी जाऊन पाहावे. फवारणीचा पंप तिथेच विसळला जातो, लाल खुणेची औषधाची बाटली तिथेच लवंडलेली असते, आणि चार पावलांवर उकिरडा. बालाघाटाच्या या पठारावर काळ्या खडकावरचा माती-मुरुमाचा थर पातळ, पाणी मुरते ते खडकाच्या भेगांतून. म्हणजे उकिरड्यावर पडलेला पाऊस गाळून निघण्यास फारसा अवसरच न मिळता विहिरीत उतरतो. ‘आम्ही उकळून पितो’ म्हणणाऱ्यांस इत्तला अशी की, उकळल्याने जंतू मरतात, उकिरड्यातून उतरलेले नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकाप्रमाणे त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, आणि ते अर्भकांस विशेष घातक. ‘आमच्याकडे जार येतो’ म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यास आम्हांस सवड नाही.

एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण डोळ्यांनी पाहिले. उन्हाळ्यात टँकरमागे घागर घेऊन धावणाऱ्या माणसांनी पावसाळ्यात तेच पाणी नासवावे, यास गफलत म्हणत नाहीत, कृतघ्नपणा म्हणतात.

‘हे ग्रामपंचायतीचे काम’ ही सबब जुनी आहे. पंचायतीची जबाबदारी आम्हांस कबूल आहे, तिची तक्रार रीतसर दफ्तरी दाखल करूच. परंतु 1974 च्या जलप्रदूषण अधिनियमाचे कलम 24 जाणूनबुजून ओढ्यात वा विहिरीत विषारी द्रव्य सोडण्यास मनाई करते, ती तुम्हां-आम्हां सर्वांस आहे.

तेव्हा करावयाचे ते असे. निर्माल्य कुंडीतच टाकावे, पिशवी घरी परत न्यावी. विहिरीजवळ पंप, गाडी वा जनावर धुऊ नये; शोषखड्डा विहिरीपासून निदान पंधरा मीटर दूर घ्यावा. टाकीत हजार लिटरला 5 ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडते की नाही, हे गल्लीगल्लीने विचारावे, आणि ते टाकल्यावर अर्धा तास नळ सोडू नये. पावसाळ्यापूर्वी व नंतर नमुने प्रयोगशाळेत पाठवून, पाण्याच्या धोक्यानुसार पंचायतीस हिरवे, पिवळे की लाल कार्ड मिळाले, ते ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे. हा ठराव येत्या सभेत आम्ही मांडणार आहोत, विरोध करणाऱ्याने उभे राहून करावा.

आमच्या मंडळाजवळ ना पुढारी, ना मोटार. परंतु वर्गणीचा पैन् पै हिशेब फलकावर लावणारे दुसरे मंडळ या पंचक्रोशीत कोणी दाखवावे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता फावडे, घमेले घेऊन पुष्करिणीवर यावे. केवळ छायाचित्रे काढण्यास येऊ इच्छिणाऱ्यांनी कृपया घरीच थांबावे.