कसबा पेठ : वारसा उदंड, नियोजन तोकडे

पुणे, प्रतिनिधी : सुट्टी लागली की पुणेकर महाबळेश्वर गाठतात, ऐपत असेल तर स्वित्झर्लंडच्या ल्युसर्नमधील जुन्या गल्ल्या पाहून येतात. मात्र, आपल्याच शहराचे मूळ गावठाण असलेली कसबा पेठ त्यांच्या पर्यटनाच्या यादीत अभावानेच असते. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि कसबा पेठेला स्वतःचे स्थानक मिळाले. त्यामुळे पोहोचण्याची अडचण दूर झाली. पुढे काय, हा प्रश्न मात्र कायम आहे.

या पेठेत इतिहासाची कमतरता नाही. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने १६३०च्या सुमारास पुणे बेचिराख केले. त्यानंतर जिजाऊ बालशिवाजींसह येथे आल्या आणि गाव पुन्हा वसले. ग्रामदैवत कसबा गणपतीचे मंदिर त्यांनीच उभारल्याची परंपरा आहे. शिवाजी महाराजांनी एप्रिल १६६३ मध्ये शाहिस्तेखानावर छापा घातला तो लालमहालात. आज दिसणारी वास्तू मात्र महापालिकेने १९८०च्या दशकात बांधलेली आहे. लगतच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० मधील. मुठेकाठचे शेख सल्ला दर्गे आणि कुंभारवाडा हेही याच परिसराचे वैभव.

या साऱ्यांत जिवंत वारसा म्हणावा तो तांबट आळीचा. पेशवाईत आश्रय मिळालेल्या या कारागिरांच्या हातोड्याखाली तांब्याचे बंब, घंगाळी, हंडे घडले. ठोके देऊन भांड्याला बळकटी आणि चकाकी आणणारे मठारकाम ही त्यांची ओळख. स्टेनलेस स्टील आणि गिझर आले, तशी मागणी आटली. आता शोभेच्या वस्तूंमुळे थोडी धुगधुगी आहे.

खरा पेच आहे तो वाड्यांचा. शनिवारवाडा हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. २०१० मध्ये दुरुस्त झालेल्या कायद्यानुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असून, पुढील २०० मीटरमध्ये परवानगी आवश्यक आहे. परिणामी, निषिद्ध क्षेत्रातील मोडकळीस आलेल्या वाड्यांचा पुनर्विकास अडला आहे. डागडुजीला परवानगी मिळू शकते. पण जुने भाडेकरू, वाटण्यांचे वाद आणि खर्च यांपुढे मालक हतबल ठरतात. मर्यादेबाहेर वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या आणि पेठेचा चेहराच बदलला. एकीकडे वारसा जपताना रहिवासी अडकतो, तर दुसरीकडे रहिवाशाची सोय होताना वारसा जातो.

सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य शासनाने २०२५ मध्ये राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. त्यामुळे मानाच्या पहिल्या गणपतीच्या या पेठेकडे दहा दिवस साऱ्यांचे लक्ष असणारच. उरलेल्या वर्षभराचे काय? माहितीफलक, पदपथ, स्वच्छतागृहे आणि कारागिरांना थेट विक्रीची जागा या गोष्टी अवघड नाहीत. त्याआधी वाड्यांच्या दुरुस्तीसाठी अर्थसाह्य आणि सुलभ परवानगी हवी. पेठेत माणसेच राहिली नाहीत, तर पर्यटकांना दाखवायला उरतील त्या केवळ भिंती.