पुडीतला जिवाणू जिवंत आहे का?

हरभऱ्याचं हिरवंगार शेत जागोजागी सुकू लागतं. झाड उपटून बुंधा उभा चिरला तर आत काळपट तपकिरी रेघ दिसते. हाच मर रोग. तो फ्युजेरियम बुरशीमुळे होतो. पीक नसतानाही ही बुरशी जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरते. त्यामुळे एका वर्षाच्या फेरपालटीने ती हटत नाही, आणि झाड सुकल्यावर कितीही फवारे मारा, ते परत उभं राहत नाही.

यावर जमिनीतलाच एक उपाय आहे, स्युडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू. तो मुळांभोवती आधी जागा धरतो, बुरशीला लागणारं लोह ओढून घेतो, तिला मारक द्रव्यं सोडतो आणि झाडाची प्रतिकारशक्तीही जागी करतो. बियाण्याला किलोमागे १० ग्रॅम पावडर चोळायची, बी सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. रासायनिक बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी.

तरीही पारावर ऐकू येतं, "लावलं की, पण काय फरक पडला नाही बुवा!" असं का होतं? एक तर ही पुडी वेळेवर हाती पडत नाही. पेरणी उरकल्यावर आलेली पुडी बियाण्याच्या काय कामाची? दुसरं म्हणजे हे औषध सजीव आहे. पत्र्याखाली तापलेल्या दुकानात ते मरतं. मेलेली आणि जिवंत पुडी दिसायला सारखीच. पैसे शेतकऱ्याचे जातात आणि बदनाम होतो जिवाणू.

१९६८ चा कीटकनाशक कायदा जैविक औषधांनाही लागू आहे. या पावडरीच्या एका ग्रॅममध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू असायला हवेत. नोंदणी क्रमांक, उत्पादनाची व मुदतीची तारीख बघूनच पुडी घ्या, पक्की पावती मागा. शंका आली तर कीटकनाशक निरीक्षकाकडे लेखी तक्रार करा. नमुना घेण्याचा अधिकार त्यांना आहे.

ग्रामपंचायत आणि कृषी कर्मचाऱ्यांनी गावाची मागणी पेरणीआधीच नोंदवावी, माल थंड जागी ठेवावा. अर्थात एकट्या जिवाणूवर भिस्त ठेवू नये. विजय, दिग्विजय अशा मर प्रतिकारक वाणांची जोड हवीच. पण मेलेली पुडी विकली जाते तोवर चांगल्या उपायावरचा विश्वासही मरत राहील.