जळिताची कपात

फड पेटवून ऊस तोडला की शेतकऱ्याच्या बिलात जळिताची कपात होते. जळालेल्या उसाचे वजन घटते, साखरेचा उतारा पडतो, आणि कारखाना ते सोसत नाही. साखरेच्या नुकसानीचा हिशेब असा चोख आहे. त्याच फडात दुसऱ्या दिवशी राखेत वाकून तोडणाऱ्या कोयत्याच्या, म्हणजे तोडणी मजुराच्या, छातीत काय गेले, याला पावती नाही.

कराड, वाळवा, पलूस या सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात मजूर मिळेनासे झाले तसे फड पेटवणे वाढले. मजुरी टनावर मिळते. पाचट सोलायचे वाचले तर तोड झपाट्याने उरकते. मुकादमालाही ते हवेच असते. आपला नंबर कधी लागतो म्हणून हैराण झालेला शेतकरी कपात सोसून काडी ओढू देतो. एकट्या मजुराच्या माथी दोष मारणे म्हणूनच लबाडीचे आहे.

सांगली शहर २०१९ पासूनच्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात आहे, सातारा नाही. पण त्या कार्यक्रमाचा भर शहरांवर, आणि त्यातही रस्त्यावरच्या धुळीवर. उसाचा फड शहरात येत नाही. बाहेरची दूषित हवा कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये जाहीर केले. ती हवा फक्त चौकातली, असे काही तिने म्हटलेले नाही. ब्राझीलमधील साओ पाउलो राज्याने ऊस जाळणे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा २००२ मध्येच केला.

आपल्याकडे कारखान्यातल्या बुरशी धरलेल्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, धुळीने होणारा बगॅसोसिस भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीच्या अलीकडे, फडात, फुप्फुस जळाले तर बिननावाचे, पलीकडे जळाले तर कायद्यातले!

शिवाय बीडकडून तोडीला आलेले जोडपे हंगाम संपून पट्टा पडला की गावी परतते, आणि खोकलाही बरोबर नेते. सांगली-साताऱ्याच्या दप्तरात तो उरत नाही. तिकडच्या दवाखान्यात गड्याला विडीचे विचारतील, बाईला चुलीचे. फडाचे कोण विचारणार?

हंगाम लागताना आणि पट्टा पडताना प्रत्येक कोयत्याची फुप्फुसाची चाचणी कारखान्याने करावी. माणसे शोधावी लागणार नाहीत. आगाऊ उचल दिलेल्यांची यादी मुकादमाकडे नावानिशी असतेच, आणि ती वसुलीच्या वेळी बरोबर सापडते.