डग्गा हरवला, की गादी पाहा

अमेरिकेतील युटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन यांनी आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन घडविले आणि 1910 साली ते अमेरिकी नौदलाकडे पाठविले; तेथे ते पसंतही पडले. तात्पर्य, ही वस्तू घरगुती हातांना परकी नाही.

म्हणून बंद वाटीचा जुना हेडफोन टाकून देण्यापूर्वी त्याच्या गाद्या पाहाव्यात. गादी चिरली, की ती कानाभोवती घट्ट बसत नाही. फटीतून खर्जाचे नाद निसटतात. तबल्याची चाट ऐकू येते, डग्ग्याची घुमक हरवते. बाहेरचा गोंगाटही आत शिरतो. मग मुले आवाज वाढवितात. दोष गादीचा, शिक्षा कानांना! जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला 40 तास, 75 डेसिबल एवढीच आहे. कारण अंतर्कर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या, की पुन्हा उगवत नाहीत.

उपाय अल्पखर्चाचा आहे. वाटीचे माप घेऊन तयार गादी आणावी; अथवा जुन्या गादीबरहुकूम मऊ स्पंजाचे कडे कापून त्यावर पातळ रेक्झिनची खोळ शिवावी. सुती कापडातून हवा निसटते, म्हणून रेक्झिनच बरे. मधले भोक मोकळे ठेवावे.

गादी बसवून ओळखीचे गाणे लावावे. डग्गा परतला, की मुलांच्याच हातून आवाज कमी करवावा. दुरुस्ती तेव्हाच पुरी झाली असे समजावे.