कित्ता आणि सही

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्या नववीच्या वर्गातील एका मुलाने ईदच्या निमित्ताने एक चित्र काढले. त्यात चंद्रकोर नव्हती की मिनार नव्हता. घराचा उंबरठा होता आणि उंबरठ्याबाहेर पाहुण्यांच्या चपलांचा ढीग होता. मोठ्या चपला, झिजलेल्या चपला, आणि सर्वांच्या मध्ये एका लहान मुलीची कोरी करकरीत मोजडी. वर सुंदर नस्तालीक अक्षरांत ‘ईद मुबारक’ असे लिहिले होते. खाली कोपऱ्यात मुलाने आपली सही केली होती.

त्याच्या वडिलांनी मोबाइलवर त्या चित्राचे छायाचित्र घेतले आणि नातेवाइकांना पाठवले. चारच दिवसांत ते चित्र फिरत फिरत दुसऱ्या गावच्या मामांकडून परत घरी आले. चित्र तेच होते. पण कोपऱ्यातील सही कापलेली होती आणि तेथे एका दुकानाचे नाव छापलेले होते. मुलगा मला म्हणाला, “सर, चित्र माझंच आहे; पण आता हे कोणाला खरं वाटेल?” त्यानंतर कित्येक महिने त्याने कुंचला हातात धरला नाही.

मी ही हकीकत शिक्षकांच्या खोलीत सांगितली, तेव्हा एकजण म्हणाले, “एवढं मनाला काय लावून घ्यायचं? चित्र हजारो लोकांनी पाहिलं, यात त्याचा फायदाच झाला.” हे म्हणणे मला पटले नाही. ते का पटले नाही, हेच मला आज सांगायचे आहे.

इंटरनेट हे मोठे नवलाचे प्रदर्शन आहे. पूर्वी चांगली चित्रे पाहायची असली, तर मोठ्या शहरातील कलादालनात जावे लागे. आज मालेगावच्या किंवा भिवंडीच्या मुलालाही घरबसल्या इराणी सुलेखनाचे नमुने, जपानी चित्रे आणि आफ्रिकेतील छायाचित्रे पाहता येतात. पाहून शिकता येते. यात गैर काहीच नाही. अनुकरण ही तर शिकण्याची पहिली पायरी आहे.

मराठीत यासाठी एक छान शब्द आहे : कित्ता. वळणदार अक्षरांचा नमुना समोर ठेवून मुले तसेच अक्षर काढण्याचा सराव करतात. याला ‘कित्ता गिरवणे’ म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. तो अरबीतून आला आहे, आणि उर्दूत सुलेखनाच्या सुट्या नमुन्याला आपण ‘कितआ’च म्हणतो. उस्तादाने लिहून दिलेल्या अक्षरांवर शागीर्द महिनोन्‌महिने मश्क करतो. कित्ता गिरवणे आणि मश्क करणे, दोन्हींचा अर्थ एकच.

पण मश्क करणारा शागीर्द उस्तादाच्या कागदावर स्वतःचे नाव घालत नाही. लेखन पूर्ण झाले की खाली ‘कतबहू’, म्हणजे ‘हे याने लिहिले’, असे लिहून त्यापुढे आपले नाव घालण्याची खत्तातांची जुनी रीत आहे. ज्याचा हात, त्याचे नाव. कित्ता कोणाचाही गिरवावा. सही मात्र आपलीच करावी, आणि आपण केलेल्या कामाखालीच करावी. चोरी आणि शिक्षण यांत एवढाच फरक आहे. पण तो फार मोठा फरक आहे.

तुम्ही म्हणाल, एका नावाचे एवढे महत्त्व कशासाठी? तुम्ही रोज मोबाइलवर वाचता त्या अक्षरांचेच उदाहरण घ्या. नस्तालीक लिपी यंत्रावर आणणे फार अवघड होते. तिच्यात अक्षरे उजवीकडून डावीकडे जाताना वरून खाली उतरतात. शेजारचे अक्षर बदलले की पहिल्या अक्षराचे रूपही बदलते. म्हणून उर्दू वर्तमानपत्रे अनेक वर्षे कातिबांच्या हाताने लिहिली जात आणि मग छापली जात. १९८१ मध्ये पाकिस्तानातील सुलेखनकार मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या साहाय्याने ही लिपी संगणकावर आणली. त्यासाठी अक्षरांची हजारो जोडरूपे एकेक करून तयार करावी लागली. आपल्या वडिलांच्या, नूर अहमद यांच्या, स्मरणार्थ त्यांनी या अक्षरांना ‘नूरी नस्तालीक’ हे नाव दिले. पुढे इंटरनेट आले, तरी सुरुवातीची बरीच वर्षे पुष्कळसा उर्दू मजकूर त्यावर चित्राच्या रूपानेच ठेवावा लागे. आज तो अक्षरांच्या रूपात सहज वाचता येतो.

देवनागरीची कहाणीही अशीच आहे. संगणकावर मराठी वाचणाऱ्या लाखो लोकांनी ‘मंगल’ नावाची अक्षरे पाहिली आहेत. ती मुंबईचे सुलेखनकार प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी घडवली. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. पण त्यांची अक्षरे आजही अनेक संगणकांवर आहेत. आपण वाचतो, लिहितो, निरोप पाठवतो. पण ही अक्षरे कोणी घडवली, असा प्रश्न आपल्या मनात कितीदा येतो? काम सर्वांपर्यंत पोहोचते आणि करणारा मात्र अंधारात राहतो. हा कृतघ्नपणा आपण जाणूनबुजून करत नाही, हे खरे. पण एखाद्याची सही कापून टाकणारा माणूस तो जाणूनबुजून करतो.

कायदाही याबाबतीत स्पष्ट आहे. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. चित्र, छायाचित्र, कविता अशी कोणतीही स्वतंत्र कृती निर्माण होताच तिच्यावर निर्मात्याचा हक्क सुरू होतो. त्यासाठी कोठेही नोंदणी करावी लागत नाही. तो निर्माता नववीतील मुलगा असला तरी हक्क तोच. इतकेच नव्हे, तर निर्मात्याने आपले हक्क दुसऱ्याला विकले, तरी ‘ही कृती माझी आहे’ असे म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो.

आपले काम सर्वांना मोकळेपणाने वापरू द्यावे, असे वाटणारे उदार लोकही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी २००२ मध्ये ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ नावाचे परवाने तयार झाले. विकिमीडिया कॉमन्सवर २००४ पासून जगभरच्या लोकांनी आपली छायाचित्रे ठेवली आहेत. जुन्या वास्तूंची छायाचित्रे काढण्याची एक स्पर्धा २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली आणि नंतर भारतासह अनेक देशांत पसरली. तीतील छायाचित्रेही तेथेच पाहायला मिळतात. या परवान्यांतील बहुतेकांची पहिली अट कोणती असेल? पैसे नव्हे. ‘माझे नाव द्या’ एवढीच! जो सर्व काही देऊन टाकायला तयार आहे, तोही आपले नाव मागतो. यावरून नावाची किंमत ओळखावी.

आता तर संगणकाला एक वाक्य सांगितले की तो क्षणात चित्र तयार करून देतो. मग स्वतः काढायचे कशाला, असे काही मुले विचारतात. माझे उत्तर असे की, ते यंत्र माणसांनी काढलेल्या असंख्य चित्रांवरूनच शिकले आहे. त्याला चंद्रकोर काढता येईल, मिनार काढता येईल. पण तुमच्या उंबरठ्याबाहेर ईदच्या दिवशी कोणाकोणाच्या चपला होत्या, हे फक्त तुम्हांलाच ठाऊक आहे. जे तुम्ही पाहिले, ते तुम्हीच दाखवू शकता.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. इंटरनेटवर भरपूर पाहा. आवडेल त्याचा कित्ता गिरवा आणि तो कोणाचा आहे तेही लिहा. कोणाचे चित्र पुढे पाठवाल, तर त्याच्या नावासकट पाठवा. नाव ठाऊक नसेल, तर शोधा; निदान तेथे आपले नाव घालू नका. आणि रोज पाहण्यात जेवढा वेळ घालवता, त्यातला थोडा वेळ स्वतः काही करण्यासाठी ठेवा. आजीचे सुपारी कातरणारे हात, गल्लीतला यंत्रमाग, पावसात भिजलेली सायकल, असे विषय तुमच्याभोवती पुष्कळ आहेत.

तो मुलगा पुढच्या ईदला पुन्हा चित्र काढू लागला. या वेळी त्याने सही कोपऱ्यात केली नव्हती. उंबरठ्यावरच्या पायपुसण्याच्या नक्षीतच त्याने आपले नाव विणून टाकले होते. ते कापायचे तर सारे चित्रच कापावे लागले असते. त्याच्या हुशारीचे मी कौतुक केले. पण मनातून मला वाईटही वाटले. चौदा वर्षांच्या मुलाला आपले नाव असे लपवावे लागते, हा दोष त्याचा नाही. तो आपणा सर्वांचा आहे, आणि तो दूर करणेही आपल्याच हाती आहे.